अर्धा उघडा भाता

मी एक जुनी काँसर्टिना आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. बाजाच्या पेटीला दोन हातांत मावेल अशी एखादी ठेंगणी बहीण असती, तर ती माझ्यासारखी दिसली असती. दोन बाजूंना सहा कोनांच्या लाकडी फळ्या, फळ्यांवर बटणं आणि मधे बकरीच्या चामड्याचा घड्याघड्यांचा भाता. भाता ओढला की मी श्वास घेते, दाबला की सोडते आणि दोन्ही वेळा बोलते.

माझा जन्म लंडनमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोलादी पट्ट्या घासून सुरात आणणारा कारागीर मोठा तिरसट होता. मला गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्याने बजावलं, की वाजवून झालं की भाता मिटून ठेवायचा. उघडा राहिला तर चामडं ताठरतं आणि मग ते कुणाचं ऐकत नाही. आमच्या जातीचं हे पहिलं पथ्य आहे. पुढे काय झालं ते कळायचं असेल, तर एवढं ध्यानात ठेवा.

ते गिऱ्हाईक म्हणजे हर्बी क्लेग. तो तेव्हा लँकेशरच्या एका सूतगिरणीत कामाला होता आणि त्याचा चेहरा कायम नुकतीच गाडी चुकल्यासारखा असायचा. त्या चेहऱ्यानेच त्याला पुढे रंगभूमीवर आणलं. ढगळ कोट घालून तो स्टुलावर बसायचा, मला मांडीवर घ्यायचा आणि माझ्याशी बोलायचा. मी त्याची मॉड मावशी. "मावशी, चहा झाला का?" असं त्याने विचारलं की मी तुटक 'हूं' करायची. "मावशी, शेजारीण काल कुणाबरोबर फिरत होती?" म्हटलं की मी वरपासून खालपर्यंत अशी काही घसरत यायची, की बायका पदराऐवजी हातमोजे तोंडाला लावायच्या. एका वर्तमानपत्राने लिहिलं, की या जोडीत अक्कल आहे ती मावशीला. हर्बीने ते साऱ्या गावाला वाचून दाखवलं. मी फुशारकी मारत नाही, पण ते खरंच होतं.

त्याची मुलगी विनी. तिची आई लवकर गेली. थॉर्नबी गावच्या समुद्रात घुसलेल्या लांब लाकडी धक्क्याच्या टोकाला नाट्यगृह होतं. तिथला खेळ संपला की हर्बी घाईने घरी यायचा आणि तिच्या खाटेपाशी बसून मला विचारायचा, "मावशी, पोरीला काय सांगायचं?" मी दोन सूर द्यायची. एक वरचा, एक खालचा. झोप आता, एवढाच त्यांचा अर्थ. पांघरुणातून विनी म्हणायची, "तुम्हीसुद्धा." तिच्या या एका शब्दापुढे मला नाट्यगृहातल्या टाळ्या फिक्या वाटायच्या.

दिवस फिरले. घरोघरी टीव्ही आले, धक्क्यावरचे बाक रिकामे पडू लागले. गिरणीतला कापूस हर्बीच्या छातीत बसला होता, तो म्हातारपणी वर आला. शेवटी तो इस्पितळात होता तेव्हा विनी मला घेऊन गेली. त्याचा डावा हात उठत नव्हता. उजव्या हाताची बोटं त्याने माझ्या बटणांवर ठेवली, दुसरी बाजू विनीने धरली आणि भाता तिने ओढला. त्याने विचारलं नाही, कारण विचारायला दम नव्हता. मी मात्र दोन सूर दिले. विनीने नेहमीचं उत्तर दिलं आणि तो झोपला, तो झोपलाच.

मला मिटायला तिचा हात धजला नाही. अर्ध्या उघड्या भात्यानिशी तिने मला आपल्या लोकरी शालीत गुंडाळलं.

आता नॉर्मन बार्डस्लीविषयी सांगते. हा थॉर्नबीचा टपालवाला. युद्धात त्याचे वडील गेले, तेव्हा घरात कितीतरी महिने कुणी हसलं नव्हतं. मग आई त्याला हर्बीच्या खेळाला घेऊन गेली आणि तिथे ती हसली. आईला पुन्हा हसवणारा माणूस पोरगं विसरेल कसं? मोठेपणी त्याने 'हर्बी क्लेग मित्रमंडळ' काढलं. विनीने मला त्याच्याकडे सोपवलं आणि एवढंच म्हणाली, की बाबांनी शेवटचं वाजवलं तेव्हापासून हिला कुणी हात लावलेला नाही.

त्या साध्या वाक्याचं नॉर्मनने देऊळ बांधलं. भाता अर्धा उघडा आहे, म्हणजे आत हर्बीचा शेवटचा श्वास आहे, असं त्याने ठरवलं. भाता खाली बसू नये म्हणून रेशमी फितीने बांधला आणि मला काचेच्या पेटीत ठेवून कुलूप घातलं. मित्रांनो, चामड्यातून हवा झिरपते. आतली हवा पहिल्याच महिन्यात निघून गेली होती. पण मला विचारतो कोण? इतकी वर्षं लोकांनी मला प्रश्न विचारले होते, नेमका हा एक राहिला.

दर वर्षी मे अखेरच्या शनिवार-रविवारी मंडळाचा उत्सव भरे. दूरदूरचे लोक आपापल्या काँसर्टिना घेऊन यायचे. शनिवारी ढगळ कोट घालून हर्बीसारखं चालण्याची स्पर्धा, मासा-चिप्स, मग धक्क्यावर सगळे मिळून वाजवायचे. माझ्या भाचरांचा तो गलका काचेतून ऐकताना माझी बटणं शिवशिवायची. रविवारी दुपारी मुख्य विधी. माझी पेटी रंगमंचावर आणत, सगळे टोप्या काढून उभे राहत आणि हर्बीसाठी आपापला श्वास रोखून धरत, ज्याला जमेल तितका. लठ्ठ माणसं लाल व्हायची, कुणीतरी फस्सकन सोडायचं, मग हशा. सर्वांत शेवटी नॉर्मन सोडायचा. हसता हसता डोळे पुसायचे आणि घरी जायचं, अशी त्यांची रीत. विनी पहिल्या रांगेत बसून हे बघायची आणि काही बोलायची नाही.

माझ्यावर किती प्रेम होतं! काच रोज पुसली जायची. आत मात्र माझ्या बटणांखालच्या लोकरी गाद्यांना कसर लागली होती, खाऱ्या हवेने पट्ट्या गंजत होत्या आणि फितीत बांधलेलं चामडं लाकडासारखं होत होतं. हेळसांड कचऱ्यातच होते असं नाही. ती मखरातही होते.

मग एका वर्षी विनी काठी टेकत आली. शनिवारच्या चहाला तिने नॉर्मनला जवळ बोलावलं. तिचे कान जात होते. हिवाळ्यापर्यंत उरलंसुरलं ऐकू येणंही बंद होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी मावशीचे दोन सूर एकदा ऐकायचे, एवढंच तिला हवं होतं.

नॉर्मन कप ठेवून उठला. त्याने कार्यकारिणीला विचारलं. कार्यकारिणी भडकली. हर्बीचा श्वास असा सोडून द्यायचा? "उद्या म्हणाल, त्याची टोपी धोब्याकडे टाका," असंही एक जण बोलला. विनीने ते ऐकलं नसावं. ऐकलं असेल तर तसं दाखवलं नाही.

रविवारी दुपारी सगळे टोप्या काढून उभे राहिले. पण नॉर्मनने श्वास धरायला सांगितलंच नाही. त्याने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि सभागृहाकडे न बघता विनीला हात देऊन वर आणलं. ती माझ्याशेजारी खुर्चीवर बसली. त्याने फीत सोडली. तिने आपला बरा कान माझ्या फळीला टेकवला आणि विचारलं, "मावशी, पोरीला काय सांगायचं?"

मी जीव एकवटला. नॉर्मनने विनीने आधी दाखवलेली दोन बटणं दाबली आणि भाता हलकेच ओढला. घडीघडीतून चामडं तडकलं. आत आलेली हवा त्याच भेगांतून बाहेर गेली. वरचा सूर आला नाही. खालचाही आला नाही. मित्रांनो, साऱ्या आयुष्यात माझ्याकडे उत्तर नव्हतं असं त्या एकाच वेळी झालं.

विनी तशीच कान लावून बसली होती. मग तिने मान वर केली.

"वाजलं का रे?" तिने नॉर्मनला विचारलं. "मला काहीच ऐकू आलं नाही. कान गेले वाटतं."

वाजलं म्हणावं तर तिचे कान आजच गेले असं होतं. नाही म्हणावं तर इतक्या वर्षांच्या भक्तीने हर्बीच्या मावशीला मुकं केलं, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. तिला कळावं म्हणून नॉर्मन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"तुमचे कान चांगले आहेत, मिस विनी. तीच वाजली नाही. मी तिला इतकं जपलं, की ती मेली. आणि आता हर्बीचा श्वासही गेला."

म्हातारा टपालवाला लहान मुलासारखा रडला. विनीने त्याच्या टकलावर हात ठेवला.

"वेडा रे वेडा," ती म्हणाली. "तो श्वास बाबांचा नव्हता. त्यांना कुठला दम होता? त्यांची फक्त बोटं होती. भाता मी ओढला होता. श्वास माझा होता, आणि माझा अजून चालू आहे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे इतक्या प्रेमाने लाल होत होता. कशी बोलणार?"

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि त्या हसण्यात रडणंच जास्त होतं. हर्बीला तसलं हसू आवडलं असतं. मला नाही आवडलं.

नॉर्मनने मला ब्रॅडफर्डच्या एका कारागिराकडे नेलं. त्याने नवा भाता बसवला, पट्ट्यांचा गंज उतरवला, गाद्या बदलल्या. काम सावकाश चाललं. अशी कामं सावकाशच होतात. मधे हिवाळा आला आणि गेला.

पुढच्या मे महिन्यात उत्सवाला काचेची पेटी नव्हती. मी नॉर्मनच्या मांडीवर होते. विनी समोर होती, आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं झालं होतं. तिच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागे. नॉर्मनने तिचा तळहात माझ्या फळीवर ठेवला आणि भाता ओढला.

मी दोन सूर दिले. एक वरचा, एक खालचा. अगदी पूर्वीसारखे स्वच्छ. साऱ्या सभागृहाने ते ऐकले, बाहेर धक्क्यावर उभ्या असलेल्या लोकांनी ऐकले. जिच्यासाठी ते होते तिने मात्र ऐकले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटाच्या वर गवसणी घालून ठेवलेली एखादी तंबोरी असेल, आजोबांची बासरी असेल, फार मोलाची म्हणून कुणी हात न लावलेली. तिला खाली काढा. तिला हात लागू द्या. चुकलं तर चुकू द्या, झिजली तर झिजू द्या. आम्ही वापराने मरत नाही. आणि आम्हाला दुरुस्त करता येतं. ऐकणारे थांबत नाहीत.

विनीचा तळहात बराच वेळ माझ्यावर तसाच होता. लाकडाची थरथर विरली, नॉर्मनने भाता नीट मिटला, हे तिने पाहिलं. मग सपाट, जरा जास्तच मोठ्या आवाजात ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा."