डाव्या बाजूची खुर्ची

"परत पंप गेला!" क्लेमनं स्टिअरिंगवरचे हात झटकन वर उचलले. "कसली दळभद्री स्क्रीन आहे ही! डावा आरसाच दिसत नाही हिच्यात."

स्क्रीनवर त्याचा ट्रक, मागे दोन लांबलचक ट्रेलर जोडलेला, हायवेवरच्या एका रोडहाउसच्या डिझेल पंपात घुसून तिरका उभा होता. डावा आरसा जिथल्या तिथेच होता. थुईला तो दिसत होता, क्लेमच्या खुर्चीमागे पर्स पोटाशी धरून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, नोएलीनलाही दिसत होता. पण दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

"काका, सकाळपासून तिसरा पंप पाडलात," थुई म्हणाली. पोर्ट ऑगस्टातलं हे कॉम्प्युटरचं दुकान तिचं. "खरे असते तर भीक मागायची वेळ आली असती माझ्यावर."

"मग रुंद दाखव ना! हातभर रुंदीत कुणी ट्रक चालवतं का? मला दोन्ही आरसे दिसले पाहिजेत, बास."

"दाखवते. चिडू नका. बनवर क्रीम जास्त घालून आणलंय मी तुमच्यासाठी, ते खा आधी."

थुईनं बशी समोर ठेवली. क्लेमनं बनचा उजवा अर्धा भाग खाल्ला आणि बशी सरकवली. नोएलीननं सवयीनं बशी अर्धी फिरवली. "अरेच्चा, अजून आहे की," म्हणत त्यानं उरलेलाही खाल्ला.

थंडीत क्लेमला मेंदूचा झटका आला, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. डॉक्टरांनी नोएलीनला नीट समजावून सांगितलं होतं की डोळे ठणठणीत आहेत, पण डाव्या बाजूचं दिसणं मेंदूतून गेलंय. त्यांनी ते क्लेमलाही सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली होती आणि घरी येऊन दिव्याच्या नावानं खडे फोडले होते. मग दाराच्या चौकटीच्या नावानं. लायसन्स गेलं, त्या दिवसापासून तर माणूस मागच्या शेडमध्ये नुसता बसून राहायचा. बोलणं नाही, चालणं नाही. पर्थच्या लेकीनं, ट्रुडीनं, कॉम्प्युटर, स्टिअरिंगचं चाक आणि ट्रकचा हा खेळ पाठवला, तेव्हा कुठे त्याच्या तोंडावर जरा कळा आली. खेळात रस्ताही त्यांचाच होता, पश्चिमेला जाणारा. पण पहिल्याच वळणाला ट्रक खांबाला धडकला आणि खापर फुटलं बिचाऱ्या मॉनिटरवर. "आता मोठ्यावर जमलं तर जमलं," आज निघताना तो म्हणाला होता. "नाही तर हे चाक कचऱ्यात टाकतो. परत नाव नको." नोएलीनचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला होता. क्लेम नुसतं चाकच टाकणार नाही, त्याच्यासोबत स्वतःलाही टाकून देईल, हे तिला पक्कं माहीत होतं.

वीसेक वर्षं दोघांनी एकच ट्रक चालवला होता. एकानं चालवायचं, तेव्हा दुसऱ्यानं मागच्या बिछान्यात झोपायचं. घरापासून सेदुना गावापर्यंतचा टप्पा तिचा, तिथून पुढे राज्याच्या हद्दीपर्यंतचा त्याचा. येतानाही तसंच. रोडहाउसवाले चिडवायचे, "तुमचा संसार एकाच अंथरुणात झाला बुवा, पण आळीपाळीनं!" त्यात खोटं काहीच नव्हतं. ती उठून उतरायची तेव्हा तो चढायचा. बोलणं काय, तर टायर बघितले, पुढे मेंढ्या आहेत, चहा थर्मासमध्ये आहे. एवढं आयुष्य एका केबिनमध्ये गेलं, पण दोघं एकाच वेळी जागे असे क्षण फार थोडे होते.

"हा बघा," थुई म्हणाली. तिनं झाकलेला मोठा मॉनिटर उघडा केला. दोन मॉनिटर शेजारी शेजारी चिकटवावेत एवढा रुंद, आणि दोन्ही टोकांनी आत वळलेला. "सगळ्यात रुंद. पण आधीच सांगते, तुमच्या कॉम्प्युटरला हा ओढवायचा नाही. चित्र अडखळेल."

"म्हणजे इंजिन लहान न् ट्रेलर फार."

"अगदी तेच."

"मग इंजिनही बदलू," क्लेम म्हणाला. तो नवरदेवासारखा सावरून बसला. "आता बघ गं नोएलीन. आता कशी घेतो गाडी."

नोएलीनला बघवत नव्हतं. पडदा जेवढा रुंद, तेवढी डावी कड लांब. ही गोष्ट तिला कळत होती, थुईला कळत होती, आणि हा बाबा मात्र खुशीत गियर टाकत होता. रोडहाउस आलं. डावं वळण आलं. पंप पडद्याच्या अगदी टोकाला होता आणि क्लेम समोर बघून शांतपणे चाक वळवत होता.

तिला राहवलं नाही.

"थांब. डावीकडे पंप आहे. अजून सरळ जाऊ दे. अजून. अजून... हं, आता वळव. मागचा ट्रेलर येतोय, येऊ दे... निघाला. मोकळं आहे."

ट्रक पंपाला वळसा घालून अलगद उभा राहिला. थुईनं टाळ्या वाजवल्या, आणि मग एकदम हात खाली घेतले.

क्लेम हलला नाही. समोर बघतच त्यानं विचारलं, "तुला दिसला तो पंप?"

"दिसला."

"आधीचेही दिसत होते?"

"हो रे."

"मला नाही दिसले," क्लेम म्हणाला. "एकही नाही दिसला गं."

एवढ्या महिन्यांत हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. नोएलीननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता हा उठणार, चाक उचलणार आणि कचऱ्याच्या पिंपाकडे जाणार, असंच तिला वाटलं. क्लेम उठला खरा. पण चाकाला हातही न लावता, खुर्चीमागून वळसा घालून तो डावीकडे गेला, तिथं उभा राहिला आणि मॉनिटरकडे वाकून बघायला लागला.

"थुई, इथून रंग विटल्यासारखे का दिसतात?"

"तो वळलेला आहे ना काका. मधोमध बसणाऱ्या एकट्या माणसासाठी असतो. बाजूनं नाही नीट दिसत."

"मग काय उपयोग! ती कुठं बसणार?"

"कोण, काकू?"

"दुसरं कोण? ड्रायव्हर दोन आहेत आमच्या गाडीला." त्यानं नाक ओढलं. "आम्हाला दोघांना पुरेल असा दाखव. न् माझं इंजिन आहे तेच राहू दे."

"अहो, मग आधी सांगायचं! अर्धी सकाळ गेली माझी," थुई म्हणाली आणि घाईघाईनं पाठ फिरवून खोकी हलवायला लागली. डोळे पुसायचे होते तिला, दुसरं काय. तिनं सपाट पडद्याचा मॉनिटर काढला. रुंद होता, पण अवाढव्य नव्हता. क्लेमनं तो समोरून पाहिला, मग नोएलीनला उजवीकडे, डावीकडे उभं करून विचारलं, "इथून रंग कसे आहेत? न् इथून?" गाडी घेतानाही त्यानं एवढी चौकशी केली नव्हती.

दुपारी शेडमध्ये दोन खुर्च्या लागल्या. उजवी क्लेमची, डावी नोएलीनची. क्लेमनं खेळ सुरू केला तो सेदुनापासून. त्याचा टप्पा तिथूनच सुरू व्हायचा.

"झोप तू," चाक हातात घेतल्याबरोबर तो सवयीनं बोलून गेला. "हद्दीवर उठवतो."

"झोपले तर पंप कोण बघेल?"

तो हसला. किती दिवसांनी! मग बराच वेळ नुसता रस्ता होता. ती मधूनच "डावीकडे कांगारू" म्हणायची, तो वेग कमी करायचा. कुरबुरही चालू होती. "लवकर सांगत जा जरा." "सांगते की! बहिरा आहेस का?" एका खांबाला घासलेच ते, आणि त्यावरून दोघं कडाकडा भांडले. नोएलीनला त्या भांडणाचंही बरं वाटलं.

"आता डावीकडे समुद्र यायला पाहिजे," क्लेम अचानक म्हणाला. "तुटलेले कडे न् खाली सगळं निळं. खेळात घातलाय का बघ."

"मी कधी पाहिलाच नाही तो," ती म्हणाली. "झोपलेली असायचे. उठवलं का नाहीस रे एकदाही?"

"तेवढीच झोप मिळायची तुला. कोण उठवतं?"

झुडपं विरळ झाली, जमीन संपल्यासारखी झाली आणि पडद्याच्या डाव्या कडेला निळी रेघ उगवली. ती जाड होत गेली. क्लेम समोर रस्त्याकडे बघत होता.

"आला?" त्यानं विचारलं.

"आला."

"कसा आहे?"

नोएलीननं खुर्ची थोडी पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.