घरचा नंबर

शिलाईकाकूंचं टेलिफोनवाल्यांशी हाडवैर होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. घरातल्या टेबलावरच्या फोनवरून त्यांनी कुणालाही लावावा, लागायचा. कापडवाल्याला लागायचा, दवाखान्यात लागायचा, चुकीच्या नंबरालासुद्धा बिनबोभाट लागायचा. लागायचा नाही तो फक्त एकुलत्या एका लेकाच्या मोबाईलला. एकदा वाजल्यासारखं व्हायचं आणि लाइन बिझी. सकाळी बिझी, दुपारी बिझी. अधूनमधून लेकच स्वतः फोन करायचा, तेव्हा मात्र शेजारच्या खोलीतून बोलावं इतकं स्वच्छ ऐकू यायचं.

"अगं आई, मी मोबाईल हातातच घेऊन बसलो होतो. तुझा आलाच नाही. तुमची लाइन सडलीय," असं तो म्हणायचा, आणि काकूंना ते पटायचं. पोटच्या पोरावर विश्वास ठेवायचा नाही तर काय त्या टेलिफोनवाल्यांवर ठेवायचा?

तक्रारीवर तक्रारी केल्यावर एक लाइनमन आला. त्यानं वायर बघितली, डबी उघडली, दोन-चार ठिकाणी फोन लावून पाहिले आणि म्हणाला, "काकू, लाइन ठीक आहे."

"ठीक आहे? मग माझ्या मुलाला का लागत नाही? मी काय बोळ्यानं दूध पिते?" काकूंनी त्याचं खानदान काढलं. घड्याळवाले काका, म्हणजे काकूंचे यजमान, खिडकीशी कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. बायकोचा आवाज चढला की "अगं, जाऊ दे" म्हणणारा हा माणूस. त्या दिवशी डोळ्याचं भिंग काढून वर बघायलाही तयार नव्हता.

पुढे एका दुपारी काकांच्या छातीत कळ आली. काकूंनी धावत जाऊन लेकाला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला, पुन्हा बिझी. बोटं दुखेपर्यंत लावला. शेवटी शेजारीण आली, तिनं गाडी बोलावली, आणि दवाखान्याच्या दारातून स्वतःच्या मोबाईलवरून लेकाला कळवलं. तिचा त्यानं लगेच उचलला. पण तो येऊन पोहोचला तेव्हा काकांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

दिवसपाणी आटोपल्यावर काकू तडक टेलिफोनच्या ऑफिसात गेल्या आणि चार माणसांसमोर त्या लाइनमनला म्हणाल्या, "तुझ्यामुळे बापलेकाची शेवटची भेट चुकली. तुझं कधी भलं होणार नाही!" तो खाली मान घालून उभा राहिला. काकू मनात म्हणाल्या, बोलेल कुठल्या तोंडानं!

लेकानं घरचा फोन काढून टाकायला लावला आणि स्वतः नवा मोबाईल घेऊन जुना आईला दिला. "आता थेट माझ्याशी बोल," म्हणाला. काकूंना तो उचलायचा कसा आणि ठेवायचा कसा तेही कळेना. म्हणून मग त्या गल्लीच्या टोकाला, ग्रंथालयात, म्हाताऱ्या माणसांसाठी भरणाऱ्या मोबाईलच्या वर्गाला जायला लागल्या. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मोबाईलबाई म्हणत. बाई मोठ्या चिकाटीच्या. मोबाईलवर आलेला आकडा अनोळखी माणसाला सांगायचा नाही, कुणी पाठवलेल्या निळ्या ओळीवर बोट ठेवायचं नाही, बक्षीस लागलं म्हणणाऱ्याला सरळ वाटेला लावायचं, हे त्या एकेकाच्या शेजारी बसून सांगत. काकू मन लावून शिकत होत्या. चुकून कुठेतरी बोट पडलं आणि लेकाला फोन लागायचा बंद झाला तर काय करायचं, एवढीच त्यांना धास्ती.

एके दिवशीचा धडा होता, नकोसे फोन बंद करणं. कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून एक जण काकूंच्या मागे हात धुऊन लागला होता. काकूंना वाटलं, बरं झालं, आता याची खोड मोडते. बाईंनी सांगितलं तसं त्यांनी दाबत दाबत नेलं आणि बंद केलेल्या नंबरांचं पान उघडलं.

"अरे वा, काकू! तुमचा एक आधीच बंद केलेला आहे की," मोबाईलबाई वाकून म्हणाल्या. "हा कुणाचा?"

काकूंनी चष्मा वर सरकवला. तो नंबर त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगितला होता. ब्लाउज झाला का विचारायला याच नंबरावर करा, म्हणून. त्यांच्या घरचा नंबर.

"फोन आधी कुणी वापरलेला का? मग त्यांनीच बंद केला असेल. दुसऱ्याला देताना सगळं पुसून द्यावं, लोक आळस करतात," बाई सांगत होत्या. "असा बंद केला ना, की समोरच्यानं कितीही लावू दे, आपल्याकडे वाजतच नाही. त्याला वाटतं लाइन बिझी आहे. काढून टाकू का हा?"

"राहू दे," काकू म्हणाल्या.

का केलं असेल हे काकूंना कुणी सांगायची गरज नव्हती. जेवलास का, पोहोचलास का, खोकला गेला का, दिवसातून किती वेळा विचारायच्या त्या! काका कधी फोनला हातसुद्धा लावत नसत. त्रास काकूंचाच होता. लेकाला आपला त्रास होत होता. हे कळल्यावर त्यांना रडू आलं नाही, लाज वाटली. आणि लाजेसरशी आठवला तो खाली मान घातलेला लाइनमन.

वर्ग सुटल्यावर त्या तशाच टेलिफोनच्या ऑफिसात गेल्या. तो शिडी भिंतीला लावून हात पुसत होता. काकूंना बघून जरा मागेच सरकला.

"मी तुला नाही नाही ते बोलले रे," काकू म्हणाल्या. "लाइन ठीकच होती. माझाच मुलगा..." पुढचं त्यांना म्हणवेना.

"जाऊ द्या, काकू."

त्याला नवल वाटलं नाही हे काकूंच्या ध्यानात आलं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

तो घुटमळला. "तुमच्या फोनवरून माझा मोबाईल लावला, तो वाजला. मुलाचा लावला, बिझी. मग माझ्या मोबाईलवरून मुलाचा लावला, तर त्यानं उचलला. आम्हाला रोज दिसतात अशी घरं. तुम्ही आत चहा ठेवत होता. काकांना सांगितलं, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, हिला सांगू नकोस, लाइन बिघडलीय म्हण. मी म्हटलं, खोटं नाही बोलणार. तर म्हणाले, मग बाबा, शिव्या तरी खा."

काकू बाकावर बसल्या. ती दुपार त्यांच्यापुढे उभी राहिली. काका जमिनीवर, घामानं भिजलेले, आणि सारखे म्हणताहेत, "फोन ठेव. शेजारणीला हाक मार." आणि आपण खेकसतोय, "पोराला कळवायला नको का?" आणि परत लावतोय. तो लागणार नाही हे माहीत असलेला माणूस आपल्यासमोर मरत होता, आणि तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

"अहो, तेव्हा तरी सांगायचं होतंत!" काकू मोठ्यानं म्हणाल्या. लाइनमन शिडी उचलून बाहेर गेला.

काकूंनी लेकाला फोन लावला. पहिल्यांदाच, कुणालाही न विचारता. त्यानं उचलला.

"घरचा नंबर तू बंद केला होतास?"

"आई... तेवढ्यापुरता केला होता गं. कामात असायचो. मग काढायचा राहूनच गेला." त्याचा आवाज फाटला. "बाबांना कळलं नव्हतं ना?"

नाही रे, असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं. त्याच्या प्रत्येक चुकीवर त्या असंच पांघरूण घालत आल्या होत्या.

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. "लाइनमन आला, त्या दिवसापासून."

आणि फोन कानाशी तसाच धरून त्या बसून राहिल्या.