दुखरी नस

धामणगाव बढ्यात आमच्या गच्चीवरच नेट बरं येतं. तिथं बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी गिऱ्हाईक शोधते. कंपनी फवारणीचं किट विकते: मास्क, चष्मा, हातमोजे. शेतकरी ते विकत घेत नाही, म्हणून बियाण्यांच्या कंपन्यांना गाठायचं. त्या फुकट वाटतात आणि फोटो काढतात. त्यांच्यातले खरेदीवाले लिंक्डइनवर हुडकून प्रत्येकाची कुंडली शीटमध्ये भरायची, हे माझं काम. नाव, हुद्दा, गाव, कॉलेज. शेवटच्या रकान्याला आमच्या साहेबीण सुचिता मॅडमनी नाव दिलंय ‘दुखरी नस’, म्हणजे जिथं दाबलं की माणूस माल घेईल ती जागा.

आता लिंक्डइनवर कुणाचं काय दुखणार? तिथं जो तो आनंदी. तीन महिने माझा तो रकाना कोराच राहिला. मॅडम म्हणाल्या, “रुबिना, या महिन्यात एक तरी मीटिंग लाव, नाहीतर पुढच्या महिन्यापासून राहू दे.” माझी अम्मी हुस्नबानो गावात घरोघर बांगड्या भरते. त्यात चहा-साखर निघते, बाकी घर माझ्या पगारावर चालतं.

मग प्रेम सापडला. मागच्या गल्लीतल्या गोजरबाईचा मुलगा. हैदराबादला कपाशीच्या बियाण्याच्या कंपनीत, खरेदी विभागात. फोटोत टाय, खाली ‘शेतकऱ्याचा मुलगा असल्याचा अभिमान’.

संध्याकाळी मी अम्मीला त्याच्याबद्दल विचारलं. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली त्या साली त्याचा बाप पुंजाजी फवारणीत विषबाधा होऊन गेला, एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. अम्मीला पुढचं ठाऊक होतं. प्रेमला कॉलेजची घाई होती. दोन औषधं एकाच पंपात त्यानंच कालवली होती. बापानं तोंडाला बांधायला फडकं मागितलं, तर “काई नाही होत, बाबा,” म्हणून तो निघून गेला. हे त्यानं फक्त आईला सांगितलं आणि गोजरबाईनं फक्त अम्मीला. बांगड्या भरणारीनं एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी न्यायची नाही, हा अम्मीचा कायदा. मला सांगितलं, कारण मी काही दुसरं घर नव्हते.

मी ते रकान्यात भरलं. मग प्रेमला मेसेज टाकून मीटिंग लावली.

व्हिडिओवरची ती मीटिंग मी गच्चीवरून ऐकत होते. मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, “प्रेमजी, त्या दिवशी वडिलांना फडकं मिळालं असतं तर... पंप तुम्हीच भरला होता ना? दुसऱ्या कुणा मुलावर ही वेळ येऊ नये.”

त्यानं कॅमेरा बंद केला. मग म्हणाला, “पाच हजार किट. कोटेशन पाठवा.”

माझी नोकरी राहिली. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. खाली जाऊन मी भात टाकला.

तीन हप्त्यांनी गोजरबाई धापा टाकत गच्चीवर आली. मागून अम्मी पाणी घेऊन आली.

“रुबी, तुह्या मोबाईलात नोकरीवाले लोकं दिसतात म्हणे. माह्या प्रेमले पाय ना बाई. रोज सांजच्याला फोन करे. आता मी लावला तरी उचलून नाही राह्यला.”

मी त्याचं पान उघडलं. दोन दिवसांपूर्वीच त्यानं किट वाटपाचा फोटो टाकला होता.

“हा पाय, मावशी. बरा हाय.” एवढ्यावर थांबता आलं असतं. “ते फडक्याचं म्या लिहून देल्लं आमच्या मॅडमले. तिनं त्याले तोंडावर सांगतलं.”

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“मंग तो काय म्हणे?” गोजरबाईनं विचारलं.

“काईच नाही. माल घेतला.”

“म्हंजे जिता हाय.” ती खाली बसली. “मले वाटलं, पोरानं जिवाचं काई केलं. मोठा कर तो फोटो.”

मी केला आणि मोबाईल तिच्या हातात दिला. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. नुसतं बधिर वाटत होतं.

“वाळला दिसते,” ती म्हणाली. मोबाईल माझ्या हातात देऊन उठली. अम्मीनं ग्लास पुढं केला. वीस वर्षं ती अम्मीच्या हातचा चहा पीत आली होती. त्या दिवशी पाणी न घेता ती जिना उतरली.