मधोमधचा फुगा

वेलचेरीतला थांबलेला पंखा. अठ्ठावीस दिवसांची मुलगी. वेष्टीच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग. गोधडीच्या मधोमध एक फुगा.

फुग्यापासून सुरू करू.

विद्युलताबाई साताऱ्याहून चेन्नईत, वेलचेरीला, लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या. रविवारी बारसं. नात त्या दिवशी आपल्या हातच्या गोधडीवर निजणार, हा त्यांचा हट्ट. भरण म्हणून दुकानातून पॉलिएस्टरचा गुबगुबीत थर आणला. टाके आईच्या रीतीने: कडेपासून, फेऱ्या घेत, आत. दर फेरीला फुगवटा पुढे सरकला आणि शेवटी मधोमध ठाण मांडून बसला.

"आई, पुरी तळलीस का?" स्वरदा हसली. "राहू दे. मी रेडिमेड ब्लँकेट मागवते."

"मागव. सोबत माझं परतीचं तिकीटही मागव."

वर नात दहा मिनिटं निजवली, तर पाठ घामाने चिंब.

बुधवार. उसवणं. बोटांना तंतू चिकटलेले. दारात शेजारचे बालाजीराव, तंजावरी मराठी घरातले, हातात कॉफीचा टंबलर.

"बाई, एवढी थंडी कोठून आणणार इथे?"

ते गेले आणि दोन जुन्या वेष्ट्या, लुंगीसारखी नेसायची पांढरी सुती धोतरं, घेऊन आले. धुऊन धुऊन कांद्याच्या पापुद्र्यासारख्या झालेल्या.

"एकीवर हळदीचा डाग आहे. चालेल?"

विद्युलताबाईंनी सूत चिमटीत चोळलं, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. आई आत जुनी लुगडी घालायची! चपटं सुती कापड ना फुगतं, ना पळतं. रीत तीच ठेवायची, पोटातलं बदलायचं.

चार पदर. तळहाताने चुण्या बाहेर सारायच्या. वीतवीतभर अंतरावर कच्चे टाके. मग कडेपासून आत, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शेवटचा टाका मधोमध पडला तेव्हा तिथे हात फिरवला. सपाट. पुन्हा फिरवला, नुसत्या हौसेने.

रविवारी ऐन बारशात वीज गेली. पाहुणे वर्तमानपत्रांनी वारा घेऊ लागले. नात गोधडीवर गाढ. स्वरदाने तिच्या पाठीखाली हात घातला.

"आई! कोरडी आहे गं!"

बायका कोपरा उलटून टाके बघू लागल्या. बालाजीराव डाग शोधत होते. तो आत गेला होता.

"ब्लँकेट रद्द केलं," स्वरदा पुटपुटली.

"तिकीटही रद्द कर," विद्युलताबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

डागाची वेष्टी बालाजीरावांनी पहिल्यांदा नेसली ती स्वतःच्या लग्नात.