गुडघ्यासाठी एक घोट

डावऱ्याचा गुडघा बरा होणार की नाही यावरून आमच्यात दोन तट पडले होते, आणि दोन्ही तट मिळून गुडघ्यातलं कळणारा एकही माणूस नव्हता. त्यातल्या त्यात कंपाउंडर. पण तो दातांच्या दवाखान्यात कामाला. दाढ काढल्यावर कापूस किती वेळ धरायचा एवढंच त्याचं वैद्यक, आणि त्या भांडवलावर तो गुडघ्यापर्यंत खाली उतरला होता.

"गेला गुडघा," कंपाउंडर म्हणायचा. "लिगामेंट एकदा तुटलं की तुटलं. डॉक्टर शिवतात, पण ते शिवलेलं असतं. शिवलेली विजार आणि नवी विजार एक असते का?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?" मास्तर लगेच उसळायचे. "गुडघा होईल बरा. बाटली त्याला उभा राहू देते का ते बघा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचा साडू दारूपायी गेला, तेव्हापासून ते या विषयातले तज्ज्ञ. साडू जिवंत असताना त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं म्हणे, पण अभ्यासाला माणूस जिवंत लागतो असं थोडंच आहे.

तर कंपाउंडरच्या मागचे ते गुडघावाले आणि मास्तरांच्या मागचे ते बाटलीवाले. मी मधला. माझं चष्म्याचं दुकान शेजारीच आहे. गिऱ्हाईक नसलं की मी येऊन दोन्हीकडून हसून घेत असे. आमचा अड्डा म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. जळक्या वॉर्निशचा वास, खुंट्यांना तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, जमिनीवर पोट फाडून ठेवलेले पंप. मालक खाली मान घालून तारेचे वेढे घालत बसलेला असायचा. वेढे मोजताना तो डावा हात वर करायचा, की वाद कितीही रंगात आलेला असो, सगळ्यांनी जीभ आवरायची. हात खाली आला की पुन्हा डावऱ्याचा गुडघा.

डावरा म्हणजे आमच्या क्लबचा डावा फॉरवर्ड. त्याचं खरं नाव क्लबच्या कागदावर असेल, आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही. डाव्या पायानं तो जे करायचा ते बघून मास्तरांसारखा कोरडा माणूस एकदा रडला होता. हाच डावरा सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पिऊन गटाराच्या कडेला बसलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन गोल मारले, तेव्हा आम्हीच म्हणालो, वाघ आहे, वाघाला सगळं माफ. मग एका सामन्यात उडी मारून उतरताना गुडघा आतल्या आत फिरला आणि तो स्ट्रेचरवरून गेला. त्याच संध्याकाळी आम्हाला कळलं की तो बेवडा आहे.

ऑपरेशन झालं, महिने गेले. कोचनं त्याला तोंडावर सांगून ठेवलं होतं: गुडघा पूर्ण वाकला पाहिजे आणि तोंडाला वास येता कामा नये. दोन्हींतलं एक चुकलं की घरी बसायचं. हे आम्हाला कळलं ते डावऱ्याच्या बायकोकडून.

ती एका दुपारी दुकानात आली. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ती इस्त्रीवर होती. बाह्या कोपरापर्यंत वर, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. बायका आमच्या दुकानात येत नाहीत, त्यामुळे सगळे एकदम सभ्य झाले. कंपाउंडरनं तर स्टूलही पुसलं. ती बसली नाही.

"रविवारी तो खेळणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही त्याला पेल्याला बोलवाल, म्हणून आले."

पेल्याचं सांगायला हवं. आमच्या क्लबनं आयुष्यात एकदाच एक स्पर्धा जिंकली, तेव्हाचा तो चषक. क्लबच्या ऑफिसात तो धूळ खात पडला होता, मालकानं उचलून आणला आणि परत दिला नाही. दुखापतीतून उठलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या सकाळी आमच्या दुकानात येतो आणि त्या पेल्यातून रमचा एक घोट घेतो, अशी आमची रीत. हसू नका. एका गोलकीपरनं आमची नजर चुकवून त्यात संत्र्याचा रस ओतला होता. त्याच सामन्यात खांबावर आपटून त्याचं खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून खेळाडूसुद्धा थट्टा करत नाहीत.

"ऑपरेशन झाल्यापासून थेंब घेतलेला नाही त्यानं," बायको सांगत होती. "बाकीच्यांसारखं नाही त्याचं. तुम्ही दोन घेता आणि घरी जाता. त्याला पहिला घोट पोटात गेला की थांबता येत नाही. मी बघितलंय ना सगळं. तुम्ही बोलावलंत तर तो नाही म्हणणार नाही, त्याला वाटतं तुम्हीच त्याची माणसं आहात. म्हणून पाया पडते, त्या पेल्यात पाणी घाला. त्याला मी सांगून ठेवते. बाहेर कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"अहो वहिनी, एवढंच ना?" मालक म्हणाला. "पाणी तर पाणी. काळजीच करू नका."

मालक शब्दाचा पक्का आहे. फक्त त्याचा शब्द दर अर्ध्या तासानं बदलतो.

ती गेली. तिची पाठ वळून कोपऱ्याआड झाली असेल नसेल, कंपाउंडरनं तोंड उघडलं. "पाणी घाला म्हणे. रस घातला तर हाड मोडलं. पाण्यानं काय होईल? आधीच शिवलेला गुडघा! उद्या पहिल्याच टॅकलला पाय मोडला म्हणजे पाप कोणाच्या माथ्यावर?"

आमच्या माथ्यावर, असं गुडघावाले एका सुरात म्हणाले. त्यांना डावऱ्याचा गुडघा खरंच वाचवायचा होता, हे मी शपथेवर सांगतो.

आता सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर विरोध करणार याची खात्री होती, आजवर त्यांनी कंपाउंडरच्या कोणत्याही वाक्याला होकार दिलेला नव्हता. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "थेंब घेतलेला नाही म्हणे!" ते म्हणाले. "नवऱ्याचं कोणती बायको खरं सांगते? माझी मेहुणी शेवटपर्यंत सांगत होती, हे फक्त औषधापुरती घेतात. अरे, जो रोज चोरून पितोय त्याला एका घोटानं काय होणार? आणि समजा खरंच सोडली असेल, तर एका घोटानं बिघडायला तो काय दूधपितं पोर आहे? खरंच सोडलेला माणूस घोट घेऊन पेला खाली ठेवतो."

म्हणजे पाहा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही तटांचं एकमत झालं. डावऱ्याचं भलं व्हावं असं वाटणारे आणि त्याचं काही खरं नाही असं मानणारे, दोघांनाही पेल्यात रमच हवी होती. मालकानं हात वर केला. आम्ही गप्प झालो. वेढे संपवून त्यानं तार कापली आणि म्हणाला, "ठरलं मग. वहिनींना उगाच काही बोलू नका, त्या जिवाला लावून घेतील."

माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही रमच म्हणालो असतो. मला मास्तरांचा मुद्दा पटला होता आणि काय होतं ते बघायचंही होतं.

रविवारी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डावरा आला तो गुळगुळीत दाढी करून, क्लबचं जॅकेट घालून. चेहरा भरला होता, डोळ्यांतला तो पिवळेपणा गेला होता. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलंय, न पिणाऱ्याचे डोळे मला ओळखता येतात. हा पीत नव्हता. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांत ते मला एकट्यालाच कळलं असेल, पण तोपर्यंत मालकानं पेला भरला होता.

बायको दाराशी उभी राहिली. आत यायला वाव नव्हता. तिनं मालकाकडे पाहिलं, मालकानं मान डोलावली.

डावऱ्यानं दोन्ही हातांनी पेला उचलला आणि हसत हसत तोंडाशी नेला. तिथंच थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे सैरभैर झाले. आधी त्यानं पेल्यात पाहिलं, मग बायकोकडे. त्या नजरेत प्रश्न होता की हे तुला माहीत होतं का. तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"खाली ठेव," ती दारातून ओरडली. "अरे, खाली ठेव तो!"

"एक घोट रे," मालक प्रेमानं म्हणाला. "गुडघ्यासाठी."

कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला, आम्ही मैदानात धरतो तोच. डाव-रा, डाव-रा. पत्र्याचं छप्पर दणाणायला लागलं. ती माणसांतून वाट काढायला बघत होती, पण कुणी सरकत नव्हतं. मुद्दाम नव्हे, प्रत्येकाला पुढचं दिसायला हवं होतं. डावरा आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत होता. त्याला आम्ही फार आवडायचो. हे आमचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्याला दुसरं कुणी नव्हतंच. त्यानं डोळे मिटले आणि घोट घेतला.

एकच. आणि पेला खाली ठेवला. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "बघितलंत? काही होत नाही."

त्या दुपारी डावऱ्यानं गोल मारला. असातसा नाही, तीन जणांना झुलवून डाव्या पायानं असा वळवला की गोलकीपर जागचा हलला नाही. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. मास्तर पुन्हा रडले. पेला लागू पडला होता! आता लागू पडलेली गोष्ट कुणी मध्येच सोडतं का? पुढच्या रविवारी पुन्हा घोट, पुन्हा विजय. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही शटर वर केलं तेव्हा डावरा आधीच पायरीवर बसला होता. एव्हाना घोट घेऊन पेला खाली ठेवायचं राहिलंच होतं. तो रिकामा करायचा, आणि मालक हसून पुन्हा ओतायचा, वर कोचला वास येऊ नये म्हणून तोंडात लवंग द्यायचा. बायको एकदा आली, मालकाच्या अंगावर धावून गेली, तोंडाला येईल ते बोलली. आम्ही तिची समजूत घातली. संघ वरच्या नंबरावर आहे वहिनी, आता कसं थांबवायचं?

मग तो आठवड्यातल्या इतर वारीही पिऊ लागला, दुसरीकडे. त्यात आमचा काही संबंध नव्हता. एके दिवशी सरावाला तो डुलत गेला, कोचनं जवळ येऊन वास घेतला आणि दारातूनच परत पाठवलं. क्लबनं करार मोडला. राहायला दिलेली खोली काढून घेतली.

दुकानात त्या दिवशी मालकालाही तारेचे वेढे मोजता येईनात एवढा कल्ला झाला. मास्तरांचं एकच पालुपद, मी म्हणत नव्हतो? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. कुणी म्हणालं, बायकोनंच सांभाळायला हवं होतं, घरात धाक नको का? हे सगळ्यांना पटलं. फक्त कंपाउंडर ऐकेना.

"दारूचं निमित्त हो," तो म्हणाला. "क्लबला नको होता म्हणून काढला. आतली गोष्ट सांगू? गुडघाच गेलाय त्याचा. शेवटचे सामने कसे खेळला ते त्यालाच माहीत."

"कोणाचा गुडघा गेला?"

दारात डावरा उभा होता. भर दुपारी, एका पायात चप्पल नाही, जॅकेटवर वाळलेली ओकारी. आत येताना तो एका पंपाला अडखळला, सावरला आणि कंपाउंडरसमोर जाऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, मारतो आता. पण तो खाली बसला. पूर्ण उकिडवा, टाच जमिनीला टेकवून. मग उठला. पुन्हा बसला.

"बघ," तो म्हणाला. "वाकतोय की नाही? पूर्ण वाकतोय. सांग ना कोचला. सांगशील?"

"अजून एकदा," कुणीतरी म्हणालं. तो पुन्हा बसला, पुन्हा उठला. आम्ही टाळ्या धरल्या. डाव-रा, डाव-रा. तो हसला, अगदी पूर्वीसारखा, आणि जोरजोरात उठाबशा काढू लागला. तोल जाऊन हातावर पडला तरी उठून पुन्हा बसायचा.

बायको त्याला शोधत आली ती याच वेळी. या खेपेला सगळे बाजूला सरकले, वाट द्यायला जागाही होती. तिनं आरडाओरडा केला नाही. त्याच्या काखेत हात घालून ती त्याला उभं करू लागली, आणि तो तिला म्हणत होता, थांब, यांना नीट दिसू दे.

कंपाउंडर वाकून त्याच्या गुडघ्याकडे बघत होता. "कमाल आहे," तो म्हणाला. "सूज नाही, काही नाही. असा गुडघा मी पाहिला नाही."

"रोज पहाटे मी वाकवायचे तो," बायको म्हणाली. ती आमच्याकडे बघत नव्हती. "तो रडायचा. मी उशी तोंडात द्यायचे आणि वाकवायचे. कारखान्यात जायच्या आधी, रोज."

ती त्याला घेऊन गेली. तो तिच्या खांद्यावर रेलला होता, पण पाय सरळ पडत होते, लंगडत नव्हता. ती दोघं वळणापलीकडे गेल्यावर कंपाउंडरनं मास्तरांपुढे हात केला.

"मानलं, मास्तर," तो म्हणाला. "बाटलीच होती."

मास्तरांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला.