मालनबाईंची विहीर आणि दोन सारखी शिखरं

मालनबाईंची शेवंती करपली, विहिरीच्या पाण्यानं हाताला फोड आले. शेजारच्या तणनाशक कारखान्याचा मॅनेजर बांधावर येऊन म्हणाला, "मावशी, तुम्हीच फवारलेलं औषध विहिरीत मुरलंय."

"मी नासवलं व्हय माझं पाणी?" मालनबाई कडाडल्या. तो गाडीत बसून निघून गेला.

त्यांची भाची सुलक्षणा शिरूरच्या एका खासगी लॅबमध्ये केमिस्ट होती. हे ऐकून तिचं डोकंच फिरलं. तिनं आत्याच्या विहिरीचं पाणी तपासलं. तणनाशकाचं विघटन होऊन जे रसायन बनतं, ते त्यात होतं. पण रसायनं वेगळी करणाऱ्या नेहमीच्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, आलेखाच्या कागदावर एकच शिखर उमटलं. त्यावरून ते कुठून आलं, हे कळेना.

या रसायनाची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. रानाच्या वरच्या मातीतले जिवाणू एकच रूप आधी फस्त करतात. म्हणून रानातून मुरलेल्या पाण्यात एक जास्त, दुसरं कमी उरतं. कारखान्यात बनून, त्या मातीत न मुरता थेट आलं, तर दोन्ही निम्मी-निम्मी.

सुलक्षणानं ही रूपं वेगळी करणारा खास कॉलम लावला. तुलनेसाठी वडिलांच्या राहू गावातल्या विहिरीचं पाणी आणलं. तिथंही हेच औषध फवारत, पण जवळ कारखाना नव्हता. राहूच्या पाण्यात एक शिखर उंच, दुसरं बुटकं आलं. आत्याच्या पाण्यात दोन्ही अगदी सारखी.

"रिपोर्टात फक्त एकूण प्रमाण लिही," लॅबचे मालक सर्जेराव म्हणाले. "कारखाना आपलं गिऱ्हाईक आहे."

"म्हणजे दोष आत्याच्याच माथी?"

"नोकरी करायचीय ना तुला?"

"अशी नाही करायची!" तिनं अॅप्रन काढून टेबलावर आपटला.

ग्रामसभेत तिनं दोन्ही आलेख दाखवले. मॅनेजर हसला. "डावं-उजवं? जादूचे प्रयोग आहेत का?"

"मग तुमच्या सांडपाण्याच्या टाकीतलं पाणी द्या. आत्ता!"

तो उठून बाहेर पडला. मालनबाई उठल्या, "चला गं!" म्हणाल्या आणि सभेतल्या बायका कारखान्याच्या फाटकात जाऊन बसल्या. सरकारी तपासणीवाले येईपर्यंत एकही हलली नाही. जमिनीत खोल पुरलेल्या टाकीला तळाशी तडा होता. आत तेच रसायन, दोन्ही रूपं निम्मी-निम्मी. टाकी सील झाली.

"टाकी बंद केली म्हंजी झालं व्हय?" मालनबाई भाचीवरच डाफरल्या. "माझं पाणी कवा नितळायचं?"

 घाण कुठवर पोचलीय ते बघायला सुलक्षणा रिकाम्या बाटल्या घेऊन उताराकडच्या विहिरींकडे निघाली.