फुंकेकाकांचा श्वास

प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या फुंकून घडवणाऱ्या काकांना सगळे फुंकेकाका म्हणत. आदल्या दुपारीच त्यांनी हवेवर संशोधन करणाऱ्या मॅडमच्या यंत्रातली तडकलेली नळी काढून नवी घडवून बसवली होती. वायू गोठवून धरणाऱ्या त्या वाकड्या नळीला ते सापळा म्हणत. आज अकरा वाजता मॅडम डोंगरावरच्या केंद्रातून आलेली हवेची टाकी उघडणार होत्या. हवेत कार्बन मोनॉक्साइड मुळात नावापुरता. त्यातही किरणोत्सारी कार्बनचा, म्हणजे कार्बन चौदाचा, वाटा इतका नगण्य, की हजार लिटर हवा गाळावी तेव्हा मोजण्याइतके अणू हाती लागत. ते किती शिल्लक आहेत यावरून हवा स्वतःला किती झपाट्याने धुऊन काढते, हे कळे. त्या महिन्याची टाकी एकच होती.

दहाला काका बूट चढवत होते, तेवढ्यात बायकोने इस्पितळाचा कागद पुढे धरला. काल सकाळी त्यांनी पोटदुखीची तपासणी करून घेतली होती. एक गोळी गिळायची, मग पिशवीत श्वास सोडायचा. कामावर मात्र अवाक्षर काढलं नव्हतं. निवृत्तीला चार वर्षं असताना दुखणाईत ठरायचं नव्हतं.

"अहो, गोळीत कार्बन चौदा होता म्हणे. तुमच्या मॅडम मोजतात तेच ना हे?"

काकांनी बुटाची नाडी अर्धवट सोडली. सापळा त्यांनी तोंडाने फुंकला होता.

मॅडमचा फोन कामाच्या वेळी बाहेर कप्प्यात असे. काकांनी तीनदा लावून पाहिला, मग मिळेल ती गाडी पकडली. वाटेत मनात आलंच, की गप्प बसलो तर कुणाला कळणार? आकडा भलताच येईल आणि खापर डोंगरावर टाकी भरणाऱ्या पोरांवर फुटेल. त्या विचाराची त्यांना शिसारी आली.

पोचले तेव्हा अकराला तीन मिनिटं कमी होती. दाराच्या काचेतून मॅडम दिसल्या. टाकीपाशी बसून त्यांनी हवा सोडायच्या चावीला हात घातला होता. काकांनी कडी धरली आणि चटका बसल्यासारखी सोडली. आत गेलं की श्वास आलाच. त्यांनी दार ठोठावलं. मॅडमनी न बघताच थांबायची खूण केली. मग काकांनी दोन्ही मुठींनी दार बडवलं.

मॅडम तणतणत उठल्या, दार आत ओढू लागल्या. काकांनी कडी दोन्ही हातांनी बाहेर खेचून धरली. म्हातारा बिथरला, असंच मॅडमना वाटलं असणार. एका हाताने कडी तशीच धरून काकांनी कागद काचेला चिकटवला. मॅडमनी तो दोनदा वाचला. वळून त्यांनी टाकीची चावी घट्ट बंद केली. ती अर्धा फेरा फिरली होती, पण यंत्राकडची चावी अजून बंद होती.

"कुठे कुठे फुंकलंत, काका?" त्यांनी दाराआडून विचारलं.

"सापळाच फक्त. पण दुपारभर होतो त्या खोलीत. आधी सांगायला हवं होतं, मॅडम. घाबरलो होतो."

मॅडम म्हणाल्या, "घरी जा. आणि पोटाचं काय ते मला कळवा."

खोलीला कुलूप लागलं. सापळा आतून बोळ्याने पुसून घेतलेला नमुना तपासला, तर आकडा नेहमीच्या शेकडो पट निघाला. सापळा आणि त्याला जोडलेल्या सगळ्या नळ्या फेकाव्या लागल्या. काकांच्या पोटात जंतू सापडले आणि औषधाने गेले. दीड महिन्याने, शरीर निवळल्याची खात्री झाल्यावर, त्यांनी नवा सापळा घडवला, तोही तोंडाऐवजी रबरी फुग्याने हवा सोडून. टाकी थांबली त्या दिवसांत वैश्विक किरणांमुळे आत नव्याने बनलेल्या अणूंची वजावट केल्यावर डोंगरावरचा आकडा पटण्यासारखा आला. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला आणि आधी काकांना बोलावून दाखवला.